शेवाळाचं कल्चर आणि युरियाची गोणी एकाच हप्त्यात कशाला?

मा. संपादक,
सेंद्रिय शेतीवरच्या लेखांत निळ्या-हिरव्या शेवाळाचं नाव येतंच, हवेतला नायट्रोजन फुकटात देतं म्हणून. 1939 मध्येच पी. के. डे यांनी भातखाचरांच्या सुपीकतेमागे हे शेवाळ आहे असं दाखवलं होतं, ते खरंच आहे. पण ते कधी देतं आणि कधी देत नाही, हे कोणी लिहीतच नाही. मुळशीला आमचे काका लावणीनंतर कल्चर, म्हणजे पाकिटातलं वाढवलेलं शेवाळ, टाकतात आणि त्याच हप्त्यात युरियाची गोणी पण फोडतात, कारण पाकिटासोबतच्या कागदावर याबद्दल अवाक्षर नाही.

हे शेवाळ म्हणजे सायनोबॅक्टेरिया. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला त्यांचे निदान 16 एटीपी (पेशीतले ऊर्जा देणारे रेणू) जळतात, मग युरियातून आयता अमोनिया मिळत असताना कोण एवढा खर्च करेल? अमोनिया आहे का नाही ते त्यांना पेशीतल्या टू-ऑक्सोग्लुटारेट नावाच्या रसायनावरून कळतं, अमोनिया असला की ते अमिनो आम्लं बनवण्यात खपतं, नसला की साचत जातं, आणि साचलं की एनटीसीए नावाच्या प्रोटीनला चिकटतं आणि मग ते प्रोटीन डीएनएवर बसून टंचाईच्या वेळचे जीन्स चालू करतं. अमोनिया आला की सगळं परत बंद.

कोणाकडे मायक्रोस्कोप असेल तर ॲनाबिना, म्हणजे याच शेवाळाचा एक प्रकार, जरूर बघा. मण्यांच्या माळेसारखी दिसते आणि दर 10-15 मण्यांनंतर एक फिकट, जाड भिंतीची पेशी असते, हेटरोसिस्ट म्हणतात तिला. नायट्रोजन पकडणाऱ्या एन्झाइमला ऑक्सिजन अजिबात सोसत नाही म्हणून ही वेगळी खोली, आणि ती पेशी एकदा तशी झाली की पुन्हा कधी विभागत नाही, बिचारी! एनटीसीएने हेटआर हा जीन चालू केला की ती बनते, आणि शेजारणींनी पण तेच करू नये म्हणून पॅटएस नावाचं छोटंसं पेप्टाइड (प्रोटीनसारखीच पण आखूड साखळी) त्यांना अडवतं. हीच ॲनाबिना अमोनियाच्या पाण्यात वाढवा, सगळे मणी सारखे, फिकट पेशी जवळपास नाहीच. अमोनिया काढून घेतला की साधारण 24 तासांत हजर.

युरिया बंदच करा असं माझं म्हणणं नाही, नुसत्या शेवाळावर भात पोसणार नाही. पण दोन्हींत किती दिवसांचं अंतर ठेवायचं आणि युरिया किती कमी करायचा, हे कृषी खात्यातल्या कोणाकडून तरी लिहून घ्या आणि जुलैच्या लावणीआधी छापा ना.

एक वाचक, कोथरूड, पुणे