शिंपल्याचं शून्य

प्रिय मुला,

तू मला तीन दिवस ‘आजी’ म्हणालास, म्हणून मीही तुला मुलाच म्हणते. पत्र मराठीत लिहितेय, कारण मनातलं मला दुसऱ्या भाषेत नीट सांगता येत नाही. भाची त्याचं इंग्रजी करून तुला पाठवेल. पण मेक्सिकोत मेरिदाला आमचा वाटाड्या म्हणून तू माझ्यासाठी काय केलंस ते आधी माझ्या माणसांना कळावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

तुझ्या गाडीत बसले तेव्हा माझी उमेद संपली होती. वय ७२, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. मेक्सिको सिटी २,२४० मीटर उंचीवर. तिथे साधा जिना चढला तरी धाप लागायची. तेम्प्लो मायोर तेवढं मनासारखं पाहिलं. १९७८ साली विजेच्या कामासाठी खोदताना कामगारांना कोयोल्शाउकी देवीची सव्वातीन मीटर व्यासाची गोल शिळा लागली, आणि भर शहरात अझ्टेकांचं मुख्य देऊळ उजेडात आलं. त्या शिळेसमोरून माझा पाय निघत नव्हता. पण तेओतिवाकानला आमच्या सहलीवाल्यांनी जेमतेम तासभर दिला. सगळे झपाझप पुढे गेले, मी अर्ध्या रस्त्यात बसले आणि सूर्याचा पिरॅमिड लांबूनच पाहून परतले. त्या रात्री भाचीला म्हटलं, आता तू एकटीच फीर, मी हॉटेलवर थांबते. तिने ऐकलं नाही. मेरिदाला आल्यावर तिने तुला गाठलं.

पहिल्याच सकाळी तू विचारलंस, “आजी, एका दमात किती पायऱ्या जमतात?” असं तोवर मला कुणीच विचारलं नव्हतं. जमेल ना, जमणार नाही, असंच सगळे म्हणत होते. मी म्हटलं, बारा. तू म्हणालास, “मग बाराच.” आणि गाडीतून घडीचं स्टूल काढलंस.

उश्मालला, तुझ्या माया पूर्वजांच्या जुन्या शहरात, बारा पायऱ्या झाल्या की ते स्टूल उघडायचं. पायरी उंच असली की सरळ न चढता तिरपं कसं चढायचं, काठी कुठल्या हातात धरायची, हे तू दाखवलंस. ती युक्ती मी अजून वापरते. भिंतीभिंतीवर ‘चाक’ नावाच्या पावसाच्या देवाचे लांब नाकाचे मुखवटे. त्याला इतकं का आळवलं, ते तू जमिनीखालची टाकी दाखवलीस तेव्हा कळलं. त्या भागात नदीच नाही, पावसाचं पाणी साठवून वर्ष काढायचं. आपल्या किल्ल्यांवरची टाकी आठवली.

मग तू वर बोट केलंस. दारावरच्या तुळया ते लोक सापोतेच्या लाकडाच्या घालायचे, दगडासारखं टणक लाकूड. कुठलं सापोते म्हणून विचारलं तर तू म्हणालास, “चिकोसापोते.” मी जवळजवळ ओरडलेच, अरे, हा तर आमचा चिकू! बोर्डीला माझ्या अंगणातही चिकू आहे, घोलवडपर्यंत वाड्याच वाड्या. मूळचं हे झाड तुमच्याकडचं, हे वाचून माहीत होतं. पण हजार वर्षांपूर्वी त्याच झाडाखालून तुझे पूर्वज राजवाड्यात शिरत होते, हे त्या दारात बसल्यावर समजलं. तूही माझ्याबरोबर खाली बसून राहिलास. घाई केली नाहीस.

चिचेन इत्साला तू आम्हाला दार उघडता उघडता नेलंस. विक्रेते नुकती टेबलं मांडत होते, मधूनच कुणीतरी जग्वारच्या डरकाळीची शिट्टी वाजवून बघत होता. तिथल्या मोठ्या पिरॅमिडवर, कास्तियोवर, आता कुणालाच चढू देत नाहीत, त्यामुळे माझ्यात आणि विशीतल्या पोरांत तिथे फरकच उरला नाही. पायऱ्यांसमोर स्टूल मांडून तू टाळी वाजवलीस, आणि दगडांतून केत्साल पक्ष्यासारखा चिवचिवाट परत आला. मी पाच-सहा वेळा वाजवायला लावली. चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, वरची एक धरून ३६५.

मी गणिताची मास्तरीण होते हे कळल्यावर तू उकिडवा बसून धुळीत बोटानं माझं वय लिहिलंस. वर तीन ठिपके, म्हणजे तीन विसा. खाली दोन आडव्या रेघा, म्हणजे दहा, आणि त्यांच्यावर दोन ठिपके. ७२. मग ते पुसून वर चार ठिपके काढलेस आणि खाली एक शिंपला. तो शिंपला म्हणजे शून्य. ऐंशी. “तेव्हा परत या,” म्हणालास.

बाळा, मी ३१ वर्षं मुलांना शून्य आपलं म्हणून शिकवलं. ते खोटं नव्हतं. पण आपल्याशी कसलाही संबंध नसताना समुद्रापलीकडे तुझ्या पूर्वजांनाही ते सुचलं होतं, हे एकाही वर्गाला सांगितलं नाही, याची मला खरोखर रुखरुख लागली आहे. आता शेजारची पोरं येतात, त्यांना अंगणात ठिपके आणि रेघा काढून दाखवते.

आठ वर्षं आहेत. रोज सकाळी बोर्डीच्या किनाऱ्यावर चालते. बारा पायऱ्यांच्या सोळा झाल्यात. परवा वाळूतला एक शिंपला उचलून आणला, तो खिडकीत ठेवलाय.

तुमच्या माया भाषेत आभार मानायला ‘देव तुझं देणं फेडो’ असं म्हणतात, हे तूच शिकवलंस. दिओस बोओतिक.

तुझी चिची, म्हणजेच
बोर्डीची आजी