पहिला डोळा जानेवारीत, दुसरा मी आल्यावर

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हा विषय निघाला की आई रडते आणि बाबा "बरं बरं" म्हणून फोन ठेवतात, म्हणून लिहितेय. दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला, बाबांनी चष्मा शोधत बसू नये.

आधी मुख्य ते सांगून टाकते. संसदेचं हे सेशन संपलं तरी मी दिल्लीहून 20 तारखेला येत नाहीये, तिकीट कॅन्सल केलंय. आमचे खासदार साहेब म्हणाले बजेट सेशनपर्यंत थांबतेस का, आणि मी तुम्हाला न विचारता हो म्हणून टाकलं. एलएलएमचं डिझर्टेशनच राहिलंय, ते इथून लिहिता येतं, उलट संसदेची लायब्ररी समोर आहे, गाईड मॅडम पण हो म्हणाल्यात. पैसे मागणार नाही, साहेब राहण्याखाण्यापुरतं देतायत. बार्शीच्या पाहुण्यांना काय सांगायचं ते आई तूच ठरव, तुला जमतं ते.

आता बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन. बजेट सेशन दोन तुकड्यांत असतं, जानेवारीच्या शेवटी सुरू होतं, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठी सुट्टी, तेव्हा समित्या खात्यांच्या मागण्या तपासत बसतात आणि मला घरी येता येतं. म्हणून पहिला डोळा जानेवारीत दादासोबत जाऊन करून घ्या, दुसरा मी आल्यावर. डॉक्टरांशी बोललेय, चालतंय म्हणाले. मला माहितीये बाबा म्हणणार दोन्ही तू आल्यावरच करू. नाही. डाव्याने दिसत नाही तुम्हाला, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दादाच्या पोराला माझं नाव घेऊन हाक मारलीत.

थांबायचं खरं कारण पण सांगते, आधी सांगितलं नव्हतं कारण तुम्हाला वाईट वाटेल. दिवाळीनंतर हमीभावाच्या खरेदी केंद्रावर सोयाबीन नेलं तेव्हा मी सोबत होते ना. घरी तुम्ही दाणा दाताखाली धरलात, कट्ट वाजला, म्हणालात वाळलंय. आणि तिथं मशीनवर ओलावा 16 टक्के आला, 12 च्या वर घेत नाही म्हणाले. तुम्ही काही बोलला नाहीत, पोती परत टेम्पोत चढवली आणि जाता जाता आडतीवर टाकून आलात. क्विंटलला 5328 चा हमीभाव होता, आणि आपल्याला काय मिळालं ते तुम्ही आईला पण नीट सांगितलं नाही. मला तर आडतीवरचा तो वजनकाटा लहानपणीचा आठवतो, पोत्यावर मला बसवायचात आणि हमाल म्हणायचे पोरीसकट भाव लावू का.

तर इथं आल्यावर पहिल्या आठवड्यातच मी साहेबांना म्हणलं यावर प्रश्न टाकू. एका खासदाराला एका दिवसासाठी 5 च प्रश्न देता येतात, तेही किमान 15 दिवस आधी, आणि प्रश्न दीडशे शब्दांत बसवायचा. मी रात्री दोनपर्यंत लिहीत बसले, ओलाव्यामुळे किती माल परत गेला, 2024 ला 15 टक्क्यांपर्यंत सूट दिली तशी यंदा देणार का, असं. मग लॉटरी निघते. तारांकित 20 च असतात, त्यावर मंत्री उभं राहून उत्तर देतात, त्यात आपला आला नाही. 230 अतारांकितांत आला, म्हणजे लेखी उत्तर. बाबा, तुम्ही त्या दिवशी प्रश्नोत्तरांच्या वेळी, 11 ते 12, टीव्हीपुढं बसून राहिलात, मला सांगायला धीरच झाला नाही.

उत्तर काय आलं, तर एका भागाला "माहिती गोळा केली जात आहे, सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल". मला रडूच आलं. साहेब हसले, म्हणाले अगं हे आश्वासन झालं, यासाठी वेगळी समिती आहे, 3 महिन्यांत पुरं करावं लागतं. बरेचदा मुदत वाढवून घेतात म्हणे, तरी मला ते बघायचंय. बस एवढंच.

आई, तू काळजी करतेस तसं काही नाही. लाजपतनगरहून एकच मेट्रो, बदलायची नाही, सेंट्रल सेक्रेटेरिएटला उतरायचं. गीझर आहे, हीटर घेतला, मास्क लावते. तुझी शेंगदाण्याची चटणी अजून अर्धा डबा आहे, राजम्यात पण टाकते, रूममेट हसते. पहिल्या दिवशी संसदेच्या गेटवर आधार कार्डावर लातूर बघून शिपायाने दोनदा वर बघितलं, 2023 ला संसदेत आणि बाहेर धूर सोडल्यावर पकडलेल्यांत एक आपल्या जिल्ह्यातला होता ना, त्याचं ओझं आता मला. पण आतमध्ये सागवान आपल्या नागपूरकडचं आहे, हात लावून बघितलं मी, कुणाचं लक्ष नसताना.

आता ऐका. ऑपरेशननंतर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, थेंब वेळेवर, दादाच्या फोनवर अलार्म लावलाय. वाकून पोती उचलायची नाहीत. रात्री मोटार चालू करायला गाडीवर जायचं नाही, लाइट रात्रीची असेल तर दादा जाईल, आणि तो कुरकुर करेल तर मला फोन करा. आई, तू बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडतेस हे मला कळतं. चुलीसमोर बाबांना बसवू नको.

बाबा, केंद्रावरची ती ओलाव्याची चिठ्ठी तुमच्या ट्रंकेत असेल तर दादाला फोटो काढून पाठवायला सांगा, साहेबांना दाखवायचीये. फेकून दिली असेल तर राहू द्या, मी रागावणार नाही.

तुमची,
बबी