‘जागतिक पडसाद’ नेमके येतात कोणत्या वाटेने?

महोदय,

शेअर बाजार कोसळला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘जागतिक बाजारांतील पडझडीचे पडसाद’ एवढेच कारण वाचायला मिळते. हे पडसाद इथवर कोणत्या वाटेने पोहोचले, हे क्वचितच सांगितले जाते.

२००८ मध्ये मी एका बँकेच्या ट्रेझरी विभागात, म्हणजे बँकेच्या रोजच्या पैशाची तजवीज पाहणाऱ्या विभागात होतो. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली तेव्हा आम्ही बऱ्यापैकी निर्धास्त होतो, कारण अमेरिकेतील बुडीत गृहकर्जांवरचे रोखे भारतीय बँकांकडे फारसे नव्हतेच. महिना उलटायच्या आत, बँका एका रात्रीपुरते एकमेकींकडून जे पैसे उचलतात त्या कॉल मनीचा दर वीस टक्क्यांच्या घरात गेला. पडद्यावरचा आकडा चुकीचा असेल म्हणून एका सहकाऱ्याने फोन करून खात्री करून घेतली होती. घडले ते असे: परदेशात उधारी मिळेनाशी झाल्यावर आपल्या कंपन्यांनी देशातच पैसा शोधायला सुरुवात केली आणि म्युच्युअल फंडांच्या लिक्विड (हवे तेव्हा पैसे काढता येणाऱ्या) योजनांतील रकमा काढून घेतल्या, शिवाय परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून डॉलर नेत होते आणि रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँक डॉलर विकत असल्यामुळे तेवढे रुपये बाजारातून शोषले जात होते. रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकांना रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो तो, ९ टक्क्यांवरून जानेवारी २००९ पर्यंत ५ टक्क्यांवर आणावे लागले, ते ही चणचण दूर करण्यासाठीच.

म्हणजे वाट व्यापाराची नव्हती, धनकोंची होती. थायलंडने २ जुलै १९९७ रोजी बाहत या आपल्या चलनाचा डॉलरशी बांधलेला दर सोडला आणि डिसेंबरात दक्षिण कोरिया आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभा होता. दोन्हीकडे कर्जे दिलेल्या परदेशी बँकांनी, त्यातही जपानी बँकांनी, हात आखडता घेतला होता. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्जफेड थांबवल्यावर तिकडे पोळलेल्यांनी ब्राझीलचे रोखे विकले, कारण त्या रोख्यांना गिऱ्हाईक होते. अडचणीत माणूस आधी सोने मोडतो, पडीक जमीन नव्हे.

परदेशी संस्थांची दिवसभराची निव्वळ विक्री आपण छापताच. तिच्या जोडीला, वर्षभरात फेडावयाचे परकीय कर्ज आणि आपला परकीय चलनसाठा यांचे प्रमाणही अधूनमधून द्यावे, ही विनंती; धनकोंनी हात आखडला तर आपण किती तग धरू, याचा अंदाज त्यावरून येतो. दोन्ही आकडे रिझर्व्ह बँक नियमितपणे प्रसिद्ध करते.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली