तो तुरिनला जायच्या आधी

डब्लिन
रविवार रात्र

प्रिय मुक्ता,

तुझा फोन ठेवल्यापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. "मार्को पुढच्या महिन्यात कायमचा तुरिनला चाललाय, घटस्फोटाचं मग निवांत बघू," असं तू म्हणालीस. रडत होतीस, म्हणून तेव्हा गप्प बसले. आता सांगते: मार्को नेदरलँड्स सोडायच्या आत तुझा घटस्फोटाचा अर्ज कोर्टात दाखल झालाच पाहिजे, कारण तुझा तिथे राहायचा हक्क त्याची बायको म्हणूनच आहे.

मार्को इटालियन, पण तुम्ही राहता आइंडहोव्हनला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या देशाबाहेर, त्यामुळे तुला युरोपियन युनियनचा २००४ चा निर्देश (सगळ्या सदस्य देशांना पाळावा लागणारा नियम) लागू होतो. इटलीत राहत असतात तर गोष्ट वेगळी होती. त्यातलं कलम १३ सांगतं, की अर्ज दाखल होईपर्यंत लग्नाला किमान ३ वर्षं झाली असतील आणि त्यातलं १ वर्ष त्या देशात गेलं असेल, तर घटस्फोटानंतरही राहण्याचा हक्क टिकतो. तुमची ४ वर्षं झाली, त्यातली अडीच तिथे. शिवाय तुझी स्वतःची नोकरी आहे, आणि स्वतःच्या पायावर उभं असणंही लागतंच.

पण नवरा आधी देश सोडून गेला की हे सगळं मातीत. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या कुलदीप सिंग यांचं तेच झालं. लात्वियन बायको आधी निघून गेली, अर्ज नंतर झाला. २०१५ मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपियन न्यायालयानं सांगितलं, की ती गेली तेव्हाच हक्क संपला.

मारहाण झाली असेल तर वाट वेगळी आहे, तिथे ३ वर्षांची अटही नाही. फोनवर विचारायचा धीर झाला नाही गं. तसं काही असेल तर मला सांग, कितीही वाजले असोत.

माझ्या वेळी इथल्या कायद्याप्रमाणे अर्जाआधी २ वर्षं वेगळं राहणं भाग होतं. वेगळं राहिल्यानं हक्क जात नाही, पण माझ्या नवऱ्यानं, प्योत्रनं, पोलंडला ग्दान्स्कला परत जायचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा यायचा. तो अर्जाच्या दिवसापर्यंत इथे काम करत होता, हेही मलाच दाखवायचं होतं. शेवटी त्याच्या दारात जाऊन पगाराच्या स्लिपा मागितल्या. त्यानं चहा विचारला, मी नको म्हटलं. तो प्रिंटरपाशी उभा राहून एकेक कागद काढत होता आणि मी शेगडीवरची आमची जुनी कढई बघत होते. मागताना जीभ जड झाली होती, पण त्या कागदांवरच माझं इथे राहायचं कार्ड टिकलं.

तूही माग. त्याच्या स्लिपा, घराचा करार, दोघांच्या नावाची बिलं, सगळ्याच्या प्रती घे. भांडू नकोस, आत्ता त्याची मदत लागणार आहे. तिथे अर्ज वकिलामार्फतच होतो, तेव्हा उद्या सकाळी पहिला फोन वकिलाला कर. फीचे पैसे मी पाठवते, परतफेडीचं नंतर बघू. सांगलीला आईकडे जायचं असेल तर अर्ज झाल्यावर जा, आणि वर्षात ६ महिन्यांच्या वर राहू नकोस. पुढे तिथली सलग ५ वर्षं झाल्यावर कायमचा हक्क मागशील, तेव्हा तो खंड आड येईल.

वकिलानं कुठली तारीख दिली ते लगेच कळव.

तुझीच,
शुभदा