बीकॉमचा फॉर्म भरण्याआधी

कोल्हापूर

चि. गौरी हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "बाबा, बीकॉमचा फॉर्म भरून टाकते, चित्रांचं नंतर बघू." मी "बरं" म्हटलं. रात्रभर ते "बरं" मला टोचत राहिलं. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

तू असं का म्हणालीस ते मला कळतं. फ्लेक्स आला तशी दुकानांचे बोर्ड रंगवायची माझी कामं आटत गेली. तू दुसरीत असताना आईच्या पाटल्या मोडल्या, तेही तुझ्या लक्षात असणार. त्यावरून तू मनाशी धरलंस की कलेवर घर चालत नाही. पण गौरी, माझं काम कलेमुळं बुडालं नाही. मला अक्षर येत होतं आणि मी फक्त ब्रश धरून बसलो. कॉम्प्युटर शिकायला चल म्हणून एक मित्र मागं लागला होता. मी गेलो नाही.

आपल्याच गावचे बाबूराव पेंटर बघ. आडनाव मेस्त्री; 'पेंटर' हे कामावरून पडलेलं नाव. नाटकांचे पडदे रंगवायचे. सिनेमा आला तेव्हा आनंदराव पेंटरांबरोबर ते स्वतःचा कॅमेरा बनवायच्या मागं लागले. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. व्ही. शांताराम त्यांच्याच हाताखाली घडले. पडदा रंगवणारा हात कॅमेऱ्याकडे वळला, म्हणून हे झालं.

आता तुझ्या हाताचं. तुला इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत 'ए' ग्रेड मिळाली, पण मला आठवते ती त्याच्याही आधीची गोष्ट. 'विठ्ठल किराणा'चा बोर्ड चालला होता. सूत मारून रेघा आखल्या, अक्षरं खडूनं काढली. तू खाली उभी राहून म्हणालीस, "बाबा, ठ आणि ल लांब गेलेत." मी पट्टीनं मोजलं तर अंतर सगळीकडं सारखं. पण बरोबर तूच होतीस. ठ खाली गोल होत आत वळतो, तिथं मोकळी जागा राहते, म्हणून पुढचं अक्षर जरा आत घ्यावं लागतं. हे पट्टीला कळत नाही, डोळ्याला कळतं. मला ते कळायला उस्तादांच्या हाताखाली दोन वर्षं लागली होती.

फॉन्ट, म्हणजे कॉम्प्युटर-मोबाईलवरची अक्षरं, बनवणारे दिवसभर हेच करतात. परवा त्यांच्यातल्या एकाचं भाषण मोबाईलवर ऐकलं आणि उठून बसलो. इंग्रजीला लहानमोठी धरून बावन्न अक्षरं. आपल्या देवनागरीला काना-मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून शेकड्यांनी आकार काढावे लागतात, आणि प्रत्येकाच्या शेजारची जागा ठरवावी लागते. विंडोजवर मराठी टाईप केलं की वर्षानुवर्षं दिसायचा तो 'मंगल' फॉन्ट अक्षरकार र. कृ. जोशींनी काढलेला. 'मुक्ता', 'बलू' हे फॉन्ट मुंबईच्या 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे. मोबाईल, बँक, वर्तमानपत्र, सगळ्यांना अक्षरं लागतात. मग ती कोणीतरी काढायलाच हवीत ना?

तू फॉन्टच कर असं मी म्हणत नाही. पाठ्यपुस्तकातली चित्रं, सिनेमाचे सेट, अॅनिमेशन, वेष्टणांचं डिझाइन, जुन्या चित्रांची डागडुजी, ड्रॉइंग टीचर, कितीतरी कामं आहेत. पण अक्षराला तुझा डोळा आहे, हे मी बाप म्हणून नाही, कारागीर म्हणून सांगतो.

वाटेचं सांगतो. मुंबईच्या जे. जे. या कलाशाळेत उपयोजित कलेच्या, म्हणजे जाहिरात-डिझाइनसारख्या कामाच्या, पदवीला जायचं तर सरकारची कला सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, म्हणजे तुझ्या हाताखालून गेलेलंच. आयआयटी मुंबईच्या डिझाइनच्या पदवीला 'यूसीड' ही प्रवेश परीक्षा. ती कुठल्याही शाखेच्या बारावीवर देता येते, तेव्हा तुझं कॉमर्स आड येत नाही. तिथं नुसतं चित्र चांगलं असून भागत नाही, कोडी आणि निरीक्षणावर भर असतो. त्याची तयारी वेगळी करावी लागेल. दोन्हीच्या तारखा अधिकृत वेबसाइटवरूनच बघ, कोणाच्या तोंडून नको.

एक मात्र ऐक. नोकरीची हमी देऊन लाखांनी फी घेणाऱ्या क्लासच्या नादी लागू नकोस. शेजारच्या गल्लीतल्या पोरानं कर्ज काढून असा कोर्स केला, हप्ते अजून फिटले नाहीत. कुठंही पैसे भरण्याआधी तिथून शिकून गेलेल्या दोन मुलांना गाठ आणि ती सध्या काय काम करतात ते विचार.

पहिली काही वर्षं पैसे कमी मिळतील, हे मी लपवणार नाही. तेवढी वर्षं घर तुझ्याकडे काही मागणार नाही, आईशी बोललोय. आणि हिशेबाची तुला आवड आहेच. आपल्या कामाचं बिल नीट लावता येणं कलाकाराला फार लागतं. मी कधी लावलं नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं पुण्याला येतो. तुझ्या सगळ्या वह्या काढून ठेव, आत्याच्या घरी राहिलेल्या जुन्यासुद्धा. कोणती पानं दाखवायची ते दोघं मिळून निवडू. तोवर बीकॉमचा फॉर्म भरू नकोस.

तुझा,
बाबा