धोरण बंधनकारक, तर दोघांनाही!

संपादक महोदय,

‘कंपनीची वेळोवेळी अमलात असलेली धोरणे आपल्यावर बंधनकारक राहतील.’ हल्ली बहुतेक नियुक्तिपत्रांत ही ओळ असते. कार्मिक विभागात अनेक वर्षे अशी पत्रे काढली, म्हणून तिचे वजन जाणतो. पत्र दोन पानी, पण रजा, बोनस, बदली सगळे त्या ओळीतून आत शिरते.

परवा भाच्याने त्याचे कागद दाखवले. पत्रात राजीनाम्याची नोटीस ३० दिवसांची, कंपनीच्या पोर्टलवरच्या नव्या धोरण-पुस्तिकेत ९०. समोर एकच बटण, ‘वाचले व मान्य आहे’. ते दाबल्याशिवाय पगाराची स्लिप उघडेना. जुनी पीडीएफ गायब. त्याच पुस्तिकेत बदलीचा सामान-खर्च देण्याचे कबूल केलेले. तो मागितल्यावर उत्तर आले, ‘ही फक्त मार्गदर्शक तत्त्वे आहेत, कराराचा भाग नाहीत.’ म्हणजे शिस्तीचे पान करारनामा आणि सवलतींचे पान शुभेच्छापत्र!

कायदा इतका एकतर्फी नाही. करारातली अट बदलायची तर दुसऱ्याची संमती लागते. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्टच्या सेवानियमांत, तीन महिन्यांची नोटीस देऊन कायम कर्मचाऱ्याला विनाकारण काढण्याची मुभा होती. सही करण्यावाचून ज्याला गत्यंतर नाही त्याच्यावर लादलेले असे कलम सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच रद्द ठरवले. तो खटला सरकारी कंपनीचा होता, त्यामुळे खासगी कंपनीला तो जसाच्या तसा लागू होईलच असे नाही, हेही खरे. उलट बाजूने, अमेरिकेत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये म्हटले, की पुस्तिकेतले आश्वासन मालकालाही बांधू शकते. ते टाळायचे तर ‘हा करार नव्हे’ असे ठळकपणे लिहावे लागेल.

आपल्याकडे मोठ्या आस्थापनांना कामगारांसाठी स्थायी आदेश, म्हणजे सेवाशर्तींचे लेखी नियम, प्रमाणित करून घ्यावे लागतात, कामगारांचे म्हणणे ऐकून. पगार, कामाचे तास, रजा अशा ठरावीक बाबींतल्या बदलाला २१ दिवसांची नोटीस १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, औद्योगिक संबंध संहितेतही ठेवली आहे. पण ‘व्यवस्थापक’ म्हणवला जाणारा कर्मचारी या छत्राबाहेर राहतो आणि हुद्दे वाटण्यात कंपन्या फार उदार असतात.

कंपन्यांनी नियुक्तिपत्रासोबत त्या दिवशीचे धोरण, तारीख घालून, जोडावे. त्यातले करार काय आणि सूचना काय ते आधीच लिहावे. पगार, रजा किंवा नोटीस बदलताना वेगळी लेखी संमती घ्यावी, आणि ‘अमान्य’ असेही एक बटण ठेवावे.

– एक निवृत्त कार्मिक अधिकारी