देवासारखा धावून आलेला माणूस

संपादक महोदय,

'योगायोग की देवाची करणी' या विषयावर आपल्या अंकात आलेली पत्रं वाचली. दोन्ही बाजू निकाल देऊन मोकळ्या झाल्या आहेत. माझा अनुभव मात्र कुठल्याच बाजूला पुरता बसत नाही.

2016च्या पावसाळ्यात, संध्याकाळच्या गर्दीत, माझे यजमान दादर स्टेशनच्या पुलावर कोसळले. मी दोन पावलं पुढे होते. मागे वळले तर ते आडवे पडलेले आणि लोक दोन्ही अंगांनी वाट काढत चाललेले. तेवढ्यात एक तरुण सॅक बाजूला टाकून गुडघ्यांवर बसला, मानेशी बोटं लावून पाहिली आणि मोठ्याने आकडे मोजत छाती दाबू लागला. स्ट्रेचर येईपर्यंत तो थांबला नाही. केईएम रुग्णालयात शिकणारा डॉक्टर होता, हे नंतर कळलं. पुढे रुग्णालयात शॉक देऊन हृदय ठिकाणावर आणलं. आज यजमान 74 वर्षांचे आहेत.

घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, 'देवच उभा होता तिथे.' मीही दर मंगळवारी सिद्धिविनायकाला जाते, तेव्हा माझ्या श्रद्धेविषयी शंका नसावी. पण 31 वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. वर्गात 23 मुलं असली की कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते; 50 मुलं असली तर जवळजवळ खात्रीच. मुलांना दर वर्षी तो चमत्कार वाटायचा. मुंबईच्या लोकलमधून रोज 70 लाखांच्या आसपास प्रवास होतात. दहा लाखांत एकदा घडणारी गोष्ट इथे रोज सातेकदा घडणार. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते ती अशी.

शिवाय केईएम 1926पासून परळला आहे. टाटा, वाडिया ही रुग्णालयंही तिथून हाकेच्या अंतरावर. तिथले डॉक्टर, नर्स, विद्यार्थी परळ-दादरलाच गाड्या पकडतात. संध्याकाळी सहा वाजता त्या पुलावर एकही डॉक्टर नसता, तर ते नवल.

म्हणजे तो तिथे होता, हा योगायोग. तो थांबला, हा मात्र नाही. त्याच्यासारखे आणखी कितीजण त्या वेळी आमच्या बाजूने गेले असतील, देव जाणे. त्याने गाडी सोडली, ओल्या फरशीवर बसला, अनोळखी माणसासाठी घामाघूम झाला. मला देव दिसला असेल तर तो तिथे. आपली भाषाही 'देवासारखा धावून आला' असं माणसाबद्दलच म्हणते.

हे इतकं पोटतिडकीने लिहिण्याचं कारण माझे धाकटे दीर. त्याआधी पाच वर्षं, दुसऱ्या एका स्टेशनात ते असेच पडले. भोवती भरपूर माणसं होती. कुणी पाणी पाजायला पाहिलं, कुणी कांदा हुंगवला, कुणी वारा घातला. सगळी भली माणसं, पण छाती दाबायची हे एकालाही ठाऊक नव्हतं. रक्तपुरवठा थांबला की चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. दीर गेले. त्या दिवशी देव आमच्यावर रुसला होता, असं सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, आणि त्या वाक्याने त्यांना जो त्रास झाला तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. 'देवानेच वाचवलं' असं म्हणणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी.

छातीच्या मध्यभागी, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे 5 सेंटिमीटर खोल दाबायचं. शिकायला एक दुपार पुरते. प्रत्येक शाळेत आणि स्टेशनातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला हे शिकवलं जावं, यासाठी आपल्या वृत्तपत्राने पाठपुरावा करावा, ही कळकळीची विनंती.

आमच्या चाळीच्या गणपतीत यंदा आरतीनंतर हे प्रशिक्षण ठेवलं आहे. आतापर्यंत 18 नावं आली आहेत. पहिलं नाव यजमानांचं आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, माहीम, मुंबई